कल्पित भाषाकुल कसं घडवायचं: एक आदिभाषा, तीन मुली

एकच कल्पित भाषा रचताना कुठल्याही गोष्टीला कुठलाही शब्द ठेवता येतो. भाषाकुल रचताना तसं चालत नाही, कारण तिथे प्रत्येक शब्दाचा बहीणभाषेतल्या शब्दाशी हिशेब लागावा लागतो. म्हणून मुलीभाषांचे शब्द हाताने बनवायचेच नाहीत. आदिभाषा (जिच्यातून बाकीच्या निघतात ती मूळ भाषा) बनवायची, तिच्यावर चालणारे ध्वनिनियम (कुठला ध्वनी कधी बदलतो) ठरवायचे आणि ते सगळ्या शब्दांवर सक्तीने चालवायचे. शब्द त्यातून निघतातच, पण अनियमित रूपं, नामांचे गट, विभक्तीतले घोळ हेही त्यातूनच निघतात. अपवाद वरून चिकटवले की ते लगेच ओळखू येतात. नियमांतून निघालेले अपवाद खऱ्या भाषेसारखे वाटतात.

मराठी बोलणाऱ्याला याचा सराव आधीच असतो. संस्कृतातल्या क्षेत्र, मक्षिका, इक्षु, कुक्षि या शब्दांचे मराठीत शेत, माशी, ऊस, कूस झाले आणि हिंदीत खेत, मक्खी, ईख, कोख. म्हणजे ‘क्ष’च्या जागी मराठीत श किंवा स आणि हिंदीत ख. श आणि स हेही मनमानी नाहीत: पुढे इ-ए असेल तर श, नसेल तर स. म्हणूनच ‘कूस’ पण ‘कुशीत’, ‘म्हैस’ पण ‘म्हशी’. एकाच शब्दाच्या दोन रूपांत व्यंजन बदलतं आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या कल्पित कुलात आणायचं ते हेच.

लिहायची पद्धत आधी ठरवा

देवनागरीत क लिहिला की त्यात अ आलाच, आणि मराठी वाचक शब्दाच्या शेवटचा अ उच्चारत नाही. कल्पित भाषेत या सवयीमुळे घोटाळा होतो. पहिल्या दिवशीच ठरवा: हलन्त चिन्ह नसलेल्या प्रत्येक व्यंजनात अ आहे, शब्दाच्या शेवटीसुद्धा. ‘पाक’ म्हणजे दोन अक्षरं, ‘पाक्’ म्हणजे एक.

नियम संगणकाकडून चालवून घ्यायचे असतील तर तक्त्यात रोमन किंवा आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरा आणि शेवटी देवनागरी करा. ‘दोन स्वरांमधला क’ शोधायला सांगितलं तर देवनागरीत तो सापडत नाही, कारण आधीच्या अक्षरातला अ वेगळ्या चिन्हाने लिहिलेलाच नसतो. नियम चुकीच्या जागी लागतात आणि ही चूक शंभर शब्द झाल्यावर लक्षात येते.

आदिभाषेचे ध्वनी

जगातल्या भाषांमध्ये व्यंजनांची सरासरी बाविसेक आहे. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावरच्या रोटोकास भाषेत ती अवघी ६ आहेत. स्वरांच्या पाच जागा असणं सगळ्यांत जास्त आढळतं. आदिभाषेला १२ ते १५ व्यंजनं भरपूर झाली, कारण नवे ध्वनी मुलींमध्ये आपोआप जन्मणार आहेत. आदिभाषेतच तीस व्यंजनं भरली तर नियमांना वाढवायला काही उरत नाही आणि मग सगळ्या शाखा फक्त गळतीच्या नियमांवर चालतात.

वर्णमाला ओळींनी भरा, सुटे ध्वनी वेचू नका. प त क असतील तर ब द ग यावेत ही अपेक्षा, आणि एखादी जागा मुद्दाम मोकळी ठेवा. ती कुठे ठेवायची यालाही नेम आहे: घोष स्पर्शांत (ब द ग) एखादा नसलाच तर तो बहुधा ग असतो, अघोषांत (प त क) बहुधा प. अरबीत प नाही, तो याच कारणाने नवलाचा नाही. ब-द नसताना एकटा ग ठेवला तर मात्र ते जाणत्या वाचकाला खटकेल.

इथे नमुन्यासाठी ही आदिभाषा घेऊ. व्यंजनं १२: प त क, ब द, म न, स, र ल, य व. स्वर: अ आ इ ई उ ऊ ए ओ. शब्दाच्या सुरुवातीला एकच व्यंजन. जोडाक्षर फक्त मध्ये आणि त्यातलं पहिलं व्यंजन र, ल, न किंवा स. शेवटी स्वर किंवा एक व्यंजन. प्रत्यय दोनच. अनेकवचनाला -ना, व्यंजनान्त नामाला जोडताना मध्ये अ. स्थान दाखवायला व्यंजनान्त नामाला -इ आणि स्वरान्त नामाला -रि. आदिभाषेतल्या रूपांपुढे तारा लावण्याची भाषाशास्त्रातली रीत आहे, तीच वापरू.

*पाक् (पाय), *नूत् (गाव), *वोल् (टेकडी), *मल्कि (डोळा), *तिकु (आग), *कितु (दगड), *नासा (होडी).

खरं काम सुरू करताना १५० ते २०० मूळ शब्द हवेत. अवयव, नाती, अंक, निसर्ग, रोजच्या क्रिया इथून सुरुवात करा. भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेशने भाषांच्या तुलनेसाठी केलेली १०० शब्दांची यादी त्यासाठी सोयीची आहे. शब्द बनवताना ध्वनींची वाटणी सारखी ठेवू नका. काही व्यंजनं खूप ठिकाणी, काही मोजक्याच ठिकाणी यावीत. आणि प्रत्येक ध्वनी सुरुवातीला, मध्ये, शेवटी असा किमान तीन-तीन शब्दांत येतो का ते तपासा. एखाद्या नियमाला लागू व्हायला शब्दच नसतील तर तो नियम लिहून उपयोग नाही.

शाखांचे नियम

प्रत्येक नियमात तीन गोष्टी हव्यात: काय बदलतं, कशात बदलतं, कुठल्या परिस्थितीत. ‘काही शब्दांत क चा ग होतो’ हा नियम नव्हे. एकोणिसाव्या शतकात १८७० नंतर लाइपझिगच्या भाषाभ्यासकांनी आग्रह धरला तो याचाच: ध्वनिनियमाला अपवाद दिसला तर त्यामागे दुसरी अट असते. जर्मानिक भाषांमधले (इंग्रजी, जर्मन यांचं कुल) असेच न सुटणारे अपवाद भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने जुन्या आघाताच्या जागेवरून सोडवले. रचनाकाराने तोच रस्ता उलट दिशेने चालायचा आहे.

किनारा शाखा:
१. दोन स्वरांमधले प त क घोष होतात: ब द ग.
२. इ-ए पुढे असताना क चा च, ग चा ज.
३. शब्दान्तीचे ऱ्हस्व इ, उ गळतात.

डोंगर शाखा:
१. पुढच्या अक्षरात इ असेल तर आधीचा मागचा स्वर पुढे सरकतो: अ-आ-ओ चा ए, उ-ऊ चा इ-ई.
२. शब्दान्तीचे ऱ्हस्व इ, उ गळतात.
३. शब्दाच्या सुरुवातीचे प त क महाप्राण होतात: फ थ ख.

बेट शाखा:
१. ब द चे प त होतात.
२. अक्षराच्या शेवटचं व्यंजन गळतं.
३. स चा ह.

तक्त्यात प्रत्येक नियमाला वेगळा रकाना द्या आणि मधली रूपं पुसू नका. किनाऱ्यावर *मल्कि असा चालतो: मल्कि (नियम १ लागत नाही, क च्या आधी ल आहे) → मल्चि → मल्च्. *कितु: किदु → चिदु → चिद्. *तिकु: तिगु → तिगु → तिग्.

आता क्रम बदलून पाहा. नियम ३ आधी आणि २ नंतर लावला तर मल्कि → मल्क्, आणि तालव्य होण्याचं, म्हणजे क चा च होण्याचं, कारणच उरत नाही. नियम तेच, शब्द तेच, भाषा वेगळी. कुलात विविधता हवी असेल तर नवे नियम शोधण्याआधी आहे त्याच नियमांचा क्रम हलवून पाहणं फायद्याचं ठरतं. दोन शेजारी बोलींमधला फरक तर निव्वळ क्रमानेही दाखवता येतो.

प्रत्येक शाखेला १० ते १५ नियम पुरतात. त्याहून वाढवले तर बहिणींमधलं नातं वाचकाला दिसेनासं होतं. आणि सगळे नियम गळतीचे नसावेत. चार गळतीच्या नियमांनंतर शब्द दोन ध्वनींचे उरतात आणि अर्धा कोश एकसारखा होतो. सुरुवातीला एखादा सौम्य बदल, मध्ये स्वरांची हालचाल, गळती उशिरा, असा साधारण बेत ठेवा.

व्याकरण कुठून निघतं

*पाक् या एका शब्दाची तीन रूपं तिन्ही शाखांतून चालवली की हे निघतं (एकवचन, अनेकवचन, स्थान):

आदिभाषा: *पाक्, *पाकना, *पाकि
किनारा: पाक्, पागना, पाज्
डोंगर: फाक्, फाकना, फेक्
बेट: पा, पाकना, पाकि

किनाऱ्यावर एकाच नामात क्, ग, ज् अशी तीन व्यंजनं आली. स्थानाचा प्रत्यय ऐकू येत नाही, त्याची खूण फक्त ज् मध्ये उरली. डोंगरात तीच खूण स्वरात गेली. हे कुणी ‘ठरवलेलं’ व्याकरण नाही, तरी शिकणाऱ्याला ते पाठ करावं लागेल.

बेटावर आणखी वेगळं घडतं. नू पण नूति, वो पण वोलि, पा पण पाकि. गळालेलं व्यंजन प्रत्ययापुढे जिवंत राहिलं, पण बोलणाऱ्याला ते मूळ शब्दाचं आहे हे कळायला मार्ग नाही. तो वाटणी वेगळी करतो: शब्द ‘पा’ आणि प्रत्यय ‘-कि’, शब्द ‘नू’ आणि प्रत्यय ‘-ति’. कुठल्या नामाला कुठला प्रत्यय हे लक्षातच ठेवावं लागतं. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत नेमकं असं झालं आहे: ‘होपु’ (पकडणे) चं कर्मणी रूप होपुकिया, ‘इनु’ (पिणे) चं इनुमिया. आणि नव्या शब्दांना माओरी बोलणारे सरसकट -तिया जोडतात. बेट शाखेतही असा एक प्रत्यय निवडा, समजा -ति, आणि उसन्या व नव्या सगळ्या नामांना तोच द्या. जुनी, रोजच्या वापरातली नामं तेवढी आपापला प्रत्यय धरून राहतील.

किनाऱ्याचं अनेकवचनही पाहण्यासारखं आहे. मल्च्-मल्चिना, तिग्-तिगुना, पाक्-पागना. एकवचनातले इ-उ गळाले, पण -ना च्या आधी ते सुरक्षित राहिले. परिणामी एका प्रत्ययाचे तीन झाले: -इना, -उना, -अना. नामांचे तीन गट झाले. इथून पुढे त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. गट तसेच ठेवा. किंवा सजीव नामं हळूहळू -इना कडे ओढा आणि व्याकरणातलं लिंग तयार करा. किंवा -अना सगळीकडे पसरवा आणि दहा-बारा जुनी नामं तेवढी मागे ठेवा. मागे ठेवायची ती सर्वांत जास्त वापरली जाणारीच असावीत. मराठीत ये-आला, जा-गेला, कर-केला ही रूपं टिकली ती रोज तोंडात असतात म्हणून. एखाद्या दुर्मीळ झाडाच्या नावाला विचित्र अनेकवचन देणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. असं रूप लवकरच सपाट होतं.

पडलेली भगदाडं बुजवा

*वोल् चं काय होतं ते पाहा. स्थानरूप *वोलि. डोंगरात वेल्, बेटावर वोलि. किनाऱ्यावर मात्र वोलि → वोल्. म्हणजे ‘टेकडी’ आणि ‘टेकडीवर’ एकच. जिथे नामाच्या शेवटी अघोष स्पर्श (प त क) आहे तिथे पाक्-पाज्, नूत्-नूद् असा फरक टिकला. ल, र, न, म शेवटी असलेल्या नामांत तो पुसला गेला. घाबरून नियम बदलू नका. भाषेतल्या नव्या रचना अशा भगदाडांतूनच जन्मतात, आणि कुल रचण्यातला सर्वांत रसाळ टप्पा हाच आहे.

दोन मार्ग आहेत. स्वरान्त नामांना -रि लागत होता; *नासारि चं किनाऱ्यावर नासार् झालं. हा -र् उचलून वोल् ला लावा: वोलर्. सादृश्याने प्रत्यय पसरला. दुसरा मार्ग म्हणजे एखादं पूर्ण नाम झिजवून शब्दयोगी अव्यय करणं. *पुता (पोट) घ्या. किनाऱ्यावर त्याचं पुदा होतं. ‘वोल् पुदा’ म्हणजे आधी ‘टेकडीचं पोट’, मग ‘टेकडीच्या आत’. पोट, पाठ, तोंड, डोकं हे अवयव या कामी जगभर येतात.

इथे एक बारकावा सांभाळा. पुदा नासा ला जोडला तर नासापुदा होतो, नासाबुदा नाही, जरी प आता दोन स्वरांच्या मध्ये आला. कारण हे जोडकाम झालं तेव्हा नियम १ संपून शतकं लोटली होती. प्रत्येक नियमाला आयुष्य असतं. तो संपल्यावर आलेल्या शब्दांना तो लागत नाही. म्हणून तक्त्यात नियमांच्या बरोबरीने जोडकाम, सादृश्य आणि उसनवारी याही ओळी त्यांच्या जागी लिहा. एकाच कालक्रमात सगळं असेल तरच नासापुदा मध्ये द का आणि त्याच शब्दात प का याचं उत्तर मिळतं.

क्रियापदं

आदिभाषेत क्रियापद साधं ठेवा: धातू आणि एक-दोन प्रत्यय. काळ आणि अर्थ शाखांना स्वतंत्रपणे घडवू द्या. बहिणींची क्रियापदं अनेकदा एकमेकींपासून दूर गेलेली असतात, तेव्हा तीनही मुलींत भविष्यकाळाचा प्रत्यय सारखाच असेल तर कुल बेगडी दिसतं.

नवे काळ येतात ते जुन्या वाक्यांतून. लॅटिनमधली ‘मला गायचं आहे’ अशा धर्तीची रचना आखडत जाऊन फ्रेंचमध्ये भविष्यकाळाचा प्रत्यय झाली. हिंदीतला गा ‘गत’ म्हणजे ‘गेलेला’ पासून आला. मराठीचा भूतकाळ जुन्या कर्मणी कृदन्तातून उतरला. ‘मया पत्रं लिखितम्’ या धर्तीच्या रचनेत क्रिया कर्माशी जुळत होती, म्हणून आजही ‘मी पत्र लिहिलं’ पण ‘मी चिठ्ठी लिहिली’. कर्ता तोच, क्रियापद कर्माच्या लिंगाने बदलतं. असा एखादा काळ एका शाखेला द्या आणि उरलेल्या दोघींना जुनी रचना ठेवू द्या. भूतकाळात वाक्यरचना उलटणारी एक भाषा आणि तिच्या न उलटणाऱ्या दोन बहिणी, एवढ्याने कुलाला खोली येते.

शब्दक्रमाची एक जुळणी विसरू नका. क्रियापद वाक्याच्या शेवटी असणाऱ्या भाषांत शब्दयोगी अव्यय बहुधा नामानंतर येतं, क्रियापद कर्माच्या आधी येणाऱ्यांत बहुधा नामाआधी. एखादी शाखा क्रम बदलत असेल तर जुने प्रत्यय जागीच राहतात, नव्या रचना तेवढ्या नव्या क्रमाने येतात. सगळं एकदम फिरवलं तर इतिहास पुसला जातो.

नातं तपासणं

किनारा आणि डोंगर दोघीही शेवटचे इ-उ गाळतात. म्हणजे त्या एकमेकींच्या जास्त जवळच्या, बेट लांबची, असं वाटेल. क्रम पाहा. किनाऱ्यावर गळती तालव्यीकरणानंतर झाली, डोंगरात स्वर सरकल्यानंतर झाली, आणि या दोन्ही गोष्टी शेजारणीकडे नाहीत. म्हणजे गळती झाली तेव्हा दोन्ही शाखा आधीच वेगळ्या होत्या. ती सवय सीमेवरून इकडून तिकडे गेली, किंवा दोन्हीकडे आपापली आली. उपशाखा ठरवायला समान नवा बदल लागतो आणि तो क्रमात सर्वांत आधीचा असावा लागतो. दोघींनी जुनं काही सांभाळून ठेवलं हा जवळिकीचा पुरावा होत नाही.

शेवटी उसने शब्द घाला. मूळ कोशाच्या १० टक्के तरी शब्द शेजारणीकडून आलेले असू द्या, आणि कुठले ते विषयावरून ठरवा: होड्या आणि मासे यांची नावं किनाऱ्याकडून डोंगरात, धातू आणि लाकडाची डोंगराकडून खाली. किनाऱ्याने डोंगराचा थिक् (*तिकु, आग) भट्टीच्या अर्थाने उचलला तर थ नसल्यामुळे तो तिक् होईल आणि घरच्या तिग् शेजारी राहील, जसं मराठीत ‘शेत’ आणि ‘क्षेत्र’ वेगवेगळ्या अर्थांनी शेजारी राहतात. उसना शब्द जुना नियम मोडतो आणि कधी नवा ध्वनीही आणतो. चाक मधला च दन्त्य आणि चंद्र मधला तालव्य, दोघांपुढेही अ-आ असूनही. चंद्र संस्कृतातून थेट घेतलेला.

कसोटी म्हणून आदिभाषेचा रकाना झाका आणि मुलींच्या रूपांवरून तो परत मांडून पाहा. पाज्, फेक्, पाकि यांतून *पाकि मिळतो: सुरुवातीचा प किनारा आणि बेट देतात, शेवटची इ बेटावर शाबूत आहे, डोंगरातला ए आणि किनाऱ्याचा ज् तिला साक्ष देतात. *मल्कि मधला ल बेटाच्या मकि मधून कधीच मिळणार नाही, तो उरलेल्या दोघींकडूनच घ्यावा लागतो. असं चार-पाच शब्दांत एखादा ध्वनी संदिग्ध राहिला तर ठीक. निम्म्या शब्दांत राहिला तर एकाच ध्वनीवर तिन्ही शाखांत गळतीचे नियम आदळले आहेत. त्यातला एक काढा. आणि दोनशेच्या दोनशे शब्द निर्विवाद परत मिळाले तर उसनवारी आणि सादृश्य कमी पडलं आहे, त्या ओळी तक्त्यात वाढवा.